शेजारच्या गोगोंनी दिलेला इम्फेफो आणि ‘ऊर्जाशुद्धी’चं पाकीट

समुद्रकाठची

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा लांबण लागेल.

आम्हाला डर्बनला येऊन साडेतीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात भाड्याचा फ्लॅट सोडून स्वतःच्या घरात आलो. घर जुनं आहे. आधीचे मालक इथेच वारले, ते एकटेच राहत. वास्तुशांत अजून झालेली नाही, कारण गुरुजींची तारीख आणि नवऱ्याची शिफ्ट जुळेना. शेजारी एक झुलू कुटुंब आहे. त्यांच्या आजींना सगळा रस्ता ‘गोगो’ म्हणतो, झुलूत गोगो म्हणजे आजीच. निवृत्त परिचारिका, वय पंच्याहत्तरच्या पुढे. आम्ही सामान लावत होतो तेव्हा त्यांनी कुंपणावरून एक जुडी दिली आणि म्हणाल्या, ‘नव्या घरात हे जाळ.’

जुडी म्हणजे करड्या-रुपेरी पानांच्या काड्या, लाल दोऱ्याने बांधलेल्या. पानांवर लोकरीसारखी लव, टोकाला वाळलेली बारीक पिवळी फुलं. हाताला चुरा लागला तर मेथी भाजल्यासारखा वास येतो, मागून किंचित कापरासारखा. नाव इम्फेफो.

योगायोग असा की त्याच आठवड्यात पुण्याच्या मावसबहिणीने एक जाहिरात पाठवली. ‘प्राचीन आफ्रिकन वनस्पतींनी घराची नकारात्मक ऊर्जा घालवा.’ पाकिटात वाळलेली जुडी, एक शिंपला आणि ऑनलाइन दीक्षा, सगळं मिळून साडेतीन हजार रुपये. फोटोतली जुडी माझ्या जुडीसारखीच दिसते. तिला ते घ्यायचंय आणि ‘तू तिथेच आहेस, खरं-खोटं सांग’ म्हणते.

तर प्रश्न असा, की या दोन गोष्टी एकच आहेत का? आणि मी, चिपळूणची मुलगी, माझ्या घरात इम्फेफो जाळावा का? कोणाला अनुभव असेल तर सांगा. चेष्टा नको, गोगोंचा मला फार आधार आहे.

जुना_डर्बनकर

स्वागत आहे डर्बनच्या घरमालकिणीचं!

मी इथे बावीस वर्षं आहे. एखाद्या शनिवारी वॉरिक जंक्शनला जा. बेरिया स्टेशनच्या अंगाला अर्धवट सोडलेला उड्डाणपूल आहे, मुथीचा बाजार त्यावरच भरतो. मुथी म्हणजे औषध, पण मूळ झुलू शब्द ‘उमुथी’, आणि त्याचा अर्थ झाडही होतो. औषध आणि झाड एकाच शब्दात, मला हे फार आवडतं. पुलावर ओळीने बायका बसलेल्या असतात. पुढ्यात सालींचे ढीग, कांद्याएवढे कंद, मुळ्यांच्या मोळ्या, लाल मातीचे गोळे. कोणी साल पाट्यावर कुटत असतं. आमच्या गावच्या बाजारात रानातल्या बायका हिरडा-बेहडा घेऊन बसायच्या, तसंच.

तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केट, तिथे आपल्या लोकांची मसाल्याची दुकानं. १६ नोव्हेंबर १८६० ला ट्रुरो जहाजातून मद्रासकडचे गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, इथे उतरले, त्यानंतर व्यापारी आले. डर्बनमध्ये मुथीची दुकानं पिढ्यान्पिढ्या चालवणारे भारतीय वंशाचे लोक आहेत. एका बरणीत हळकुंड, शेजारच्या बरणीत झुलू मुळी. त्यामुळे ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ ही रेघ इथे फार पूर्वीच पुसट झाली आहे.

पाकिटाबद्दल सांगायचं तर, वॉरिकला इम्फेफोची जुडी किरकोळ पैशांत मिळते. दीक्षा मात्र मिळत नाही. :)

चार्वाक_पुणेकर

धागालेखिकेचा मान राखून स्पष्ट लिहितो. ‘ऊर्जा’ या शब्दाला पदार्थविज्ञानात अर्थ आहे, एकक आहे, ती मोजता येते. घरात ‘नकारात्मक ऊर्जा’ साचते आणि धुराने जाते, हे कोणी मोजून दाखवलेलं नाही. पुण्याच्या बहिणीला सांगा, साडेतीन हजारांत छान रंग लावून होईल एका खोलीला.

आणि ही सगळी मंडळी गोड आज्याच असतात असंही नाही. जादूटोण्याच्या संशयावरून दक्षिण आफ्रिकेत माणसं जाळली गेली आहेत, त्यात म्हाताऱ्या बायका बऱ्याच. १९९५ मध्ये तिथल्या उत्तरेकडच्या प्रांतात, म्हणजे आजच्या लिम्पोपोत, या हिंसेच्या चौकशीसाठी राळुशाई आयोग नेमावा लागला होता. आपल्याकडे दाभोलकरांचा जीव गेल्यावर २०१३ मध्ये कायदा आला. मला या विषयात हलकेपणाने बोलवत नाही.

म्हापशेकार

आमच्या घरी आजही तिन्हीसांजेला आई निखाऱ्यावर ऊद घालते आणि पोरांची दिष्ट काढते, मीठ-मिरच्या घेऊन. कोणी विचारलं ‘ऊर्जा जाते का?’ तर ती म्हणेल, ‘कसली ऊर्जा रे, पोर रडायचं थांबलं ना?’

समुद्रकाठची, जाळ गो. शेजारणीने दिलंय.

टोरांटोची_वहिनी

जाळण्याआधी धुराची घंटा बघ हो! आम्ही पहिल्या दिवाळीला धूप लावला आणि सगळी इमारत खाली रस्त्यावर, उणे आठमध्ये, रात्रीच्या कपड्यांत. अग्निशमनवाले आले, त्यांना करंज्या दिल्या. त्यातला एक दर दिवाळीला अजून विचारतो.

जोबर्गवासी

चार्वाक, तुमचा मुद्दा गंभीर आहे, पण त्यात दोन वेगळी माणसं एक झाली आहेत, पारंपरिक वैद्य आणि ‘डायन’ ठरवलेली. जरा सविस्तर लिहितो, कारण माझी ऑफिसातली मैत्रीण स्वतः सांगोमा आहे. दिवसा हिशेब तपासते, शनिवार-रविवारी लोक तिच्याकडे येतात.

इन्यांगा म्हणजे झाडपाल्याचा जाणकार, साधारण आपला वैदू. सांगोमा म्हणजे जिला पूर्वजांचं बोलावणं येतं, जी हाडं टाकून कारण सांगते. आजकाल एकच माणूस दोन्ही करतो, पण शब्द वेगळे आहेत. बोलावणं आलं की त्याला ‘थ्वासा’ म्हणतात. आजारपण, स्वप्नं, काही केल्या बरं न वाटणं. मग गुरूच्या घरी राहून शिकायचं, महिनोन्‌महिने, कधी वर्षं. माझी मैत्रीण पहाटे उठून अंगण झाडायची, ढोलावर नाचायची, वनस्पती ओळखायला शिकायची. ‘उबुलावू’ नावाचं मुळ्यांचं पाणी असतं, ते काठीने घुसळायचं, ताकासारखा फेस वर येईपर्यंत, आणि तो फेस प्यायचा. त्याने स्वप्नं स्पष्ट पडतात असं ते मानतात. ऑनलाइन दीक्षेत हे कुठे बसवणार?

आणि ‘डायन’ म्हणून बोट दाखवणं हा वेगळाच रोग आहे. त्याचा धोका सांगोमा बायकांनाही होतो. इंग्रजांच्या काळात इथल्या नाताल वसाहतीत १८९१ च्या संहितेने इन्यांगांना परवाने दिले आणि सांगोमांवर बंदी ठेवली, म्हणजे झाडपाला चालेल, पूर्वज चालणार नाहीत. मग १९५७ चा जादूटोणा दडपण्याचा कायदा आला. आता २००७ चा पारंपरिक वैद्यांचा कायदा आहे, त्यात नोंदणी, परिषद वगैरे. काम रडतखडत चालतं, पण सरकारने निदान ‘ही माणसं आहेत, यांची विद्या आहे’ एवढं मान्य केलंय.

मूळ प्रश्नावर येतो. इम्फेफो बहुतेक घरी ‘घाण ऊर्जा’ हाकलायला जाळत नाहीत. काही जण वाईट सावट दूर ठेवायला जाळतात, नाही असं नाही. पण मुख्य काम म्हणजे पूर्वजांना हाक मारणं. झुलू लोक त्यांना ‘अमाद्लोझी’ म्हणतात. गोल घरात दारासमोरची, सगळ्यात आतली जागा ‘उम्सामो’, ती त्यांची. तिथे फुटक्या मडक्याच्या खापरीवर इम्फेफो ठेवतात आणि मग बोलतात. धूर हा निरोप्या आहे.

समुद्रकाठची

जोबर्गवासी, खापरीचं वाचून अंगावर काटा आला. गोगोंनी जुडीबरोबर एक मातीचा तुकडा दिला होता. मला वाटलं चुकून आला, मी कुंडीत टाकला. आत्ता जाऊन काढला.

जोबर्गवासी

तिला ‘उदेंगेझी’ म्हणतात. धुऊन ठेव. :)

वैद्यबाई

मी आयुर्वेदाची आहे, दापोलीला दवाखाना आहे. या धाग्यावर ‘शुद्धी’ शब्द आला म्हणून लिहिते.

त्यांच्याकडे शुद्धी म्हणजे नुसता धूर नाही. ‘उकुफालाझा’ म्हणजे काढा भरपूर पिऊन ओकणे, आमचं वमनच. ‘उकुगेझा’ म्हणजे औषधी पाण्याने आंघोळ. ‘उकुफुथा’ म्हणजे घोंगडी पांघरून वाफ घेणे. एनिमाही देतात, लहान मुलांनासुद्धा. वाचताना मला ओळखीचं वाटत गेलं आणि काळजीही वाटली, कारण वमन चुकलं तर काय होतं हे मी बघितलंय. माझ्याकडे एका मुलीला आणलं होतं. कोणीतरी व्हिडिओ बघून तिला घरी मिठाच्या पाण्याने दोन दिवस ओकायला लावलं होतं. डोळे आत गेलेले, जीभ कोरडी, हातापायांत पेटके. तिला थेट रुग्णालयात पाठवलं. वाचली.

आता मुख्य गोष्ट. ‘इम्पिला’ नावाचा एक कंद आहे, कॅलिलेपिस लॉरिओला. झुलूत इम्पिला म्हणजे आरोग्य. पोट साफ करायला, जंतांवर, मूल होण्यासाठी, वाईट आत्मे दूर ठेवायला, अशा अनेक कारणांनी तो देतात. आणि त्याच कंदात अ‍ॅट्रॅक्टिलोसाइड हे विष असतं. रक्तातली साखर कोसळते, यकृत मरतं, मूत्रपिंडं बंद पडतात. डर्बनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकापासून असे मृत्यू नोंदवले आहेत, त्यात मुलं आहेत. नाव आरोग्य, आणि काम हे.

म्हणून माझी रेघ सरळ आहे. जे नाकासमोरून जातं आणि वाऱ्याने उडून जातं, त्याचा विचार वेगळा. जे घशाखाली किंवा गुदमार्गे आत जातं, ते कोणी दिलं, किती दिलं, कशाचं दिलं, हे कळल्याशिवाय घ्यायचं नाही. पाकीटवाले पुढच्या टप्प्यात ‘आतली शुद्धी’ विकायला लागले, तर बहिणीला तिथेच थांबव.

घरात दम्याचं कोणी असेल तर धूरही नको. धूर कोणत्याही देशाचा असो, फुप्फुसाला तो धूरच.

चार्वाक_पुणेकर

वैद्यबाई, तुमच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. आणि जोबर्गवासी, डायन आणि सांगोमा यांत मी गल्लत केली, मान्य. आयोगाबद्दल लिहिलं ते बरोबर आहे, पण ते या धाग्यातल्या गोगोंवर ढकलणं अन्याय होता.

सावंतवाडीचा_बाबू

म्हणजे धूर निरोप्या आणि पूर्वजांना आतल्या खोलीत जागा. अरे, आमच्याकडे महालयाला कावळा निरोप्या! गाऱ्हाणं घालताना गावकार कसा म्हणतो, ‘बा देवा म्हाराजा, जी काय चूक झाली असेल ती पायाखाली घाल...’ आणि सगळे ‘व्हय म्हाराजा!’ तिथे झुलू लोक काय म्हणतात?

जोबर्गवासी

बाबू, ‘माखोसी!’ म्हणतात. सांगोमा बोलते आणि समोरचे दर वाक्याला ‘माखोसी’ किंवा ‘थोकोझा’ म्हणतात. व्हय म्हाराजाच.

अवांतर: या शब्दांचे उच्चार आपल्याला सोपे जातात. इंग्रज ‘इम्फेफो’मधला फ दात ओठावर टेकवून म्हणतात, तो चुकीचा. तो आपला ‘फळ’मधला फ आहे, ओठ मिटून सोडलेला. माखोसीतला ख आपला ख, थोकोझातला थ आपला थ. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मैत्रिणीची आई चमकली होती, ‘हा कुठून शिकला?’ म्हटलं, पहिलीत, बाराखडीत.

मुरुडचा

हा धागा आमच्या दारात येणार हे वाटलंच होतं.

‘सांगोमा’तला ‘गोमा’ ऐकून थांबलो. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कित्येक भाषांत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि ढोलाबरोबरचा नाच-विधीही. आता गुजरातेत या. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे, सिद्दींचं, म्हणजे आपल्याकडच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचं, मुख्य ठिकाण. तिथे सिद्दी जो ढोल-नाच करतात त्याला धमाल म्हणतात, आणि गोमाही म्हणतात. अंगात येणं, बाधा, त्यासाठी लोक तिथे जातात, हिंदू-मुसलमान सगळे. मुंबईत डोंगरीलाही सिद्दींची जागा आहे. म्हणजे समुद्र ओलांडून माणसं आली, बरीच गुलाम म्हणून आली, भाषा गेली, पण ढोलाचं नाव राहिलं आणि ढोलाने बरं करायचं ही समजूतही राहिली.

आमच्या मुरुडला जंजिऱ्याच्या सिद्द्यांचं राज्य १९४८ पर्यंत होतं. लहानपणी किल्ल्यावर जाताना होडीवाला सांगायचा, ‘हे राजे आफ्रिकेतले.’ आम्ही ऐकून सोडून द्यायचो. आफ्रिका आमच्या खाडीच्या तोंडाशी उभी होती आणि आम्हाला ती फक्त तोफा मोजायला आठवायची.

रानमेवा

मी वनस्पतीशास्त्राची, दोन वर्षं पीटरमॅरित्झबर्गला काम केलं. सगळे माणसांबद्दल बोलताहेत, मी झाडांची बाजू मांडते.

इम्फेफो एक झाड नाही. हेलिक्रिसम या सूर्यफुलाच्या कुळातल्या प्रजातीच्या अनेक जाती या नावाने विकल्या जातात, जास्त करून ओडोरॅटिसिमम आणि पेटिओलारे. दक्षिण आफ्रिकेत हेलिक्रिसमच्या दोनशेच्या वर जाती आहेत. या दोन जाती सहज वाढतात, पेटिओलारे तर जगभर बागांत कुंड्यांमध्ये लावतात. त्यामुळे इम्फेफोची काळजी थोडी कमी.

पण बाकीची? ‘इसिभाहा’ म्हणजे वॉरबर्गिया सॅल्युटारिस, तिखट सालीचं झाड. खोकला-सर्दीला साल चघळतात, मिरीसारखी झणझणीत लागते. साल सर्व बाजूंनी सोलली की झाड मरतं. मी एका दरीत पाच झाडं पाहिली. चार उभीच मेलेली, हाताच्या उंचीपर्यंत पांढरी, नागडी. पाचव्याला कोणीतरी सोललेल्या जागेवर शेण-माती लिंपली होती. ते कोणी लिंपलं कळलं नाही, पण मला त्या माणसाला भेटायचं होतं. झिंबाब्वेत हे झाड रानातून जवळजवळ संपलं. आफ्रिकन आलं, सायफोनोकायलस एथिओपिकस, आपल्या हळदीच्या कुळातलं, तेही क्वाझुलु-नातालच्या रानातून उपटून-उपटून नाहीसं झालं.

यावर काम चालू आहे. डर्बनलाच चॅट्सवर्थजवळ सिल्व्हरग्लेनमध्ये महापालिकेची औषधी वनस्पतींची रोपवाटिका आहे, तिथे पारंपरिक वैद्यांना लागवड शिकवतात. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाकडून वैद्यांना इसिभाहाची रोपं वाटली गेली. आणि अभ्यासात दिसलं की सालीतली द्रव्यं पानांतही असतात, म्हणजे पानं खुडली तर झाड जगतं. जुन्या वैद्यांना हे पटवणं सोपं नाही, कारण त्यांच्या गुरूने साल सांगितलेली असते. पण काही जण पानांवर आले आहेत.

आता विचार करा, या बाजारात पुणे, बर्लिन, लॉस एंजेलिसची गिऱ्हाइकं घुसली तर काय होईल? ज्या बाईची आजी पिढ्यान्पिढ्या एकेक फांदी तोडून आणायची, तिला ट्रकवाला पोत्याने भाव देईल. माझा पाकिटावरचा राग या जागी आहे, श्रद्धेवर नाही.

प्रश्नचिन्ह

रानमेवा, मग आपण योगाचं काय म्हणतो? परदेशी लोक योग विकतात तेव्हा आपल्याला राग येतो. हळदीचं पेटंट आपण लढून रद्द करून घेतलं, १९९७ मध्ये. मग त्यांचा इम्फेफो आपण पुण्यात विकला तर?

रानमेवा

अगदी. आणि त्यांनीही लढून जिंकलंय. पेलार्गोनियम सिडॉइड्स म्हणून जिरेनियमसारखी वनस्पती आहे, मुळ्या लाल. १८९७ मध्ये चार्ल्स स्टीव्हन्स नावाचा इंग्रज क्षय झाला म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथल्या बासोथो वैद्याच्या मुळीने आपण बरे झालो असं तो म्हणे, आणि मग इंग्लंडला परतून त्याने ते औषध विकलं. वैद्याचं नाव मागे पडलं, औषधाला स्टीव्हन्सचं. पुढे शंभर वर्षांनी त्याच मुळीच्या अर्कावर युरोपात पेटंट घेतलं गेलं, ते ईस्टर्न केपमधल्या गावकऱ्यांच्या बाजूने आव्हान दिल्यावर २०१० मध्ये रद्द झालं. हळदीसारखंच.

गावठी_मिरची

गॅबनच्या इबोगाचं पण कोणी सांगा ना. आमच्या ओळखीतला एक मुलगा दारू सोडायला ‘आफ्रिकन मुळीच्या शिबिरा’ला जायचं म्हणतोय.

वैद्यबाई

मिरची, त्याला आज फोन कर. इबोगा हे बुइती या तिकडच्या धर्मपरंपरेतलं झुडूप आहे, मुळीची साल दीक्षेत देतात, पण भोवती जाणते लोक रात्रभर असतात. त्यातल्या इबोगेनने हृदयाच्या ठोक्याची लय बिघडते, लोक गेले आहेत. आधी ईसीजी नाही, डॉक्टर नाही, अशा शिबिरात पाऊलही ठेवू नये. दारू सोडवायला आपल्याकडे उपचार आहेत. व्यक्तिगत निरोप करते तुला.

गावठी_मिरची

केला फोन. ऐकतोय. धन्यवाद वैद्यबाई, खरंच.

समुद्रकाठची

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आता पुढचं सांगते.

काल संध्याकाळी गोगोंकडे गेले, खापरी हातात घेऊन. कुंडीत टाकली होती हे सांगितलं, त्या खूप हसल्या. मग विचारलं, ‘याने घरातली वाईट ऊर्जा जाईल का?’ गोगो म्हणाल्या, ‘कचरा असेल तर झाड. कोणी माणूस त्रास देत असेल तर पोलिसांना बोलव. इम्फेफोने तुझ्या माणसांना कळतं की तू आता इथे राहतेस.’ आधीच्या मालकांबद्दल म्हणाल्या, ‘त्यालाही सांग. चांगला होता, आंबे द्यायचा.’

मी विचारलं, माझे पूर्वज कोकणातले, त्यांना झुलू धूर कळेल का? त्या म्हणाल्या, ‘तू तुझ्या भाषेत बोल.’ आणि म्हणाल्या, नावं घे. त्यांच्यात कुळाची नावं, पदव्या एकामागून एक म्हणतात, त्यांना ‘इझिथाकाझेलो’ म्हणतात. त्यांनी स्वतःच्या म्हणून दाखवल्या. पाच-सहा पिढ्या एका दमात, चालीवर, डोळे मिटून.

रात्री चपला काढल्या, डोक्यावरून पदर घेतला (गोगोंनी सांगितलं तसं, आणि मला ते अजिबात नवं वाटलं नाही). स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात खापरी ठेवली, खिडकी उघडी. धुराची घंटा नवऱ्याने काढून ठेवली, वहिनींच्या सांगण्यावरून. :) काडी पेटली नाही लगेच, आधी धुमसली, मग बारीक लाल कड सरकत गेली. धूर दाट, पांढरा, ऊदापेक्षा जड.

बाबा. आजोबा, विष्णू. पणजोबा, गणेश. मग आईकडचे. मग बायकांची नावं घ्यायला लागले आणि आजीपाशी अडकले. पणजीचं नाव मला माहीतच नाही. माहेरचं नाही, सासरचं नाही. श्राद्धात गुरुजी म्हणायचे तेव्हा ऐकलं असेल, पण लक्ष कुठे होतं.

तशीच उठून आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे अकरा. ती घाबरली आधी. मग म्हणाली, थांब, आणि तिने आत्याला उठवलं. आत्याने सांगितलं, सासरचं नाव राधाबाई, माहेरचं चिमणी. बाळंतपणात गेली, तेवीस वर्षांची असताना, म्हणून घरात तिचं नाव कोणी काढत नसे. आत्या फोनवर रडत होती. माझ्या हातातला फोन गरम झाला होता आणि खापरीतली काडी विझून गेली होती. मी दुसरी लावली.

घर ‘शुद्ध’ झालं का, मला माहीत नाही आणि मला आता त्याने फरक पडत नाही. बहिणीला कळवलंय, पाकीट घेऊ नकोस, हवं तर आत्याला फोन कर.

म्हापशेकार

चिमणी. किती गोड नाव.

चार्वाक_पुणेकर

माझी भूमिका तीच आहे, पण हा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. आमच्याही पणजीचं नाव कोणाला सांगता आलं नाही. उद्या जुन्या वहीत शोधतो.

सावंतवाडीचा_बाबू

व्हय म्हाराजा.

रानमेवा

समुद्रकाठची, एकच विचारते, जुडीला मुळं होती का? की नुसत्या फांद्या कापलेल्या?

समुद्रकाठची

आत्ता बघून आले. नुसत्या कापलेल्या फांद्या, तिरक्या, सुरीच्या. गोगोंच्या मागच्या अंगणातच झुडूप आहे, नळाजवळ. त्या म्हणतात पावसाच्या आधी फांदी लावली की जगते. एक मला दिलीय, मी ती त्याच कुंडीत लावली, जिथे खापरी टाकली होती. मी त्यांना तुळशीचं रोप दिलं.

रानमेवा

पाणी कमी घाल. लवेच्या पानांना ओल सोसत नाही. आणि शेंडे खुडत राहा, म्हणजे पसरेल.